शब्दचर्चा: 'सेल्फ-लाँचिंग मोटर ग्लायडर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मुलांच्या विज्ञान अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय. 'सेल्फ-लाँचिंग मोटर ग्लायडर'साठी 'स्वयंचलित ग्लायडर' असा शब्द सुचवला गेलाय. मला तो खटकतोय, पण का ते नीट सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

उत्तर: खटकतोय ते बरोबरच आहे, ताई. 'स्वयंचलित' म्हटलं की माणसाविना चालणारं यंत्र डोळ्यांपुढे येतं. इथे वैमानिक तर असतोच, आणि साध्या ग्लायडरपेक्षा त्याच्या हाताला काम जास्त असतं. मूळ शब्दातला 'सेल्फ' फक्त 'लाँच'पुरता आहे. एरवी ग्लायडर म्हणजे इंजिनाविना हवेत तरंगणारं विमान, त्याला कुणीतरी वर न्यावं लागतं. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ते विंचने, म्हणजे जमिनीवरून दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून वर काढतात, काही ठिकाणी इंजिनाचं विमान दोराने ओढून नेतं. ज्याला यातलं काहीच लागत नाही, जे आपल्याच इंजिनावर धावपट्टी सोडतं आणि वर गेल्यावर इंजिन बंद करून निव्वळ ग्लायडर होतं, ते सेल्फ-लाँचिंग. म्हणून मी 'स्वउड्डाणक्षम ग्लायडर' सुचवेन. 'क्षम' मुद्दाम ठेवलंय, कारण हेच ग्लायडर दोराने ओढूनही वर नेता येतं. या विमानांचं मोठं काम जर्मनीत झालं आणि तिथला शब्दही 'आइगेनश्टार्टफेइश' असाच आहे: आपलं आपण उड्डाण घेऊ शकणारं.

प्रश्न: मग नुसतं 'मोटर ग्लायडर' का नको? सुटसुटीत आहे.

उत्तर: सुटसुटीत आहे, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मावतात आणि वाचकाला कोणती ते कळत नाही. एक, टूरिंग मोटर ग्लायडर. १९६३ साली पहिल्यांदा उडालेलं शायबे कंपनीचं फाल्के घ्या. इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) नाकावर कायमचे, आत घेता येत नाहीत. उड्डाण स्वतःचं स्वतः घेतं, पण तरंगण्यात शुद्ध ग्लायडरच्या जवळ जात नाही. दोन, 'टर्बो'. नावावर जाऊ नका, गाड्यांच्या इंजिनातल्या टर्बोचार्जरशी याचा संबंध नाही. यात छोटं इंजिन असतं, ते हवेत उंची टिकवायला आणि हळूहळू वाढवायला पुरतं, जमिनीवरून उठवायला नाही. जर्मन वैमानिक त्याला 'घरी परतायची मदत' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. मराठीत 'परतीचं इंजिन' छान बसेल. तीन, आपलं स्वउड्डाणक्षम: स्वतः उठतं आणि वर गेल्यावर पंखा आत घेऊन निव्वळ ग्लायडर होतं. शेंप-हिर्थ कंपनीच्या व्हेंटस ग्लायडरमध्ये 'सीटी' म्हणजे परतीच्या इंजिनाचं आणि 'सीएम' म्हणजे स्वतः उड्डाण घेणारं. विमान तेच, फरक इंजिनाच्या ताकदीचा, आणि तो शब्दात दिसायला हवा.

लेखात रचनेबद्दल दोन ओळी असतील तर श्लायशर कंपनीचं एएसएच २६ ई जरूर घ्या. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत १८ मीटर. त्याचं वांकेल रोटरी इंजिन (यात दट्ट्याऐवजी गोल फिरणारा भाग असतो) पाठीमागे धडातच राहतं, फक्त पंखा एका खांबावर वर येतो आणि दातेरी पट्ट्याने फिरतो. इंजिन आत असल्याने खांब बारीक ठेवता येतो, वाऱ्याला अडथळा कमी होतो. पण पंखा इतका उंचावर असल्यामुळे ताकद दिली की विमानाचं नाक खाली जाऊ बघतं, वैमानिकाला हातातली नियंत्रणाची काठी सांभाळावी लागते. मग आत घेण्याची गंमत. पंखा उभा, नेमक्या जागी थांबल्याशिवाय खांब खाली घेता येत नाही, म्हणून अशा ग्लायडरांत कॉकपिटमध्ये छोटा आरसा बसवतात आणि वैमानिक त्यात मागे बघून खात्री करतो. मला या सगळ्यात तो आरसाच फार आवडतो. आणि धोकाही इथेच आहे: खांब वर आणि इंजिन सुरूच झालं नाही, तर ग्लायडर एरवीपेक्षा कितीतरी वेगाने खाली येतं. म्हणून उतरण्याजोगं शेत खाली दिसत असताना, हातात उंची असतानाच इंजिन सुरू करायला शिकवतात.

सगळ्यांचा खांब पाठीवरच असतो असं मात्र लिहू नका. श्टेमे एस १० या ग्लायडरमध्ये इंजिन दोन वैमानिकांच्या मागे, आणि त्याचा लांब दांडा दोघांच्या मधून नाकापर्यंत जातो. नाकाची टोपी पुढे सरकते, घडीचा पंखा उलगडतो. थांबला की पाती मिटतात आणि टोपी बंद. आणि सगळ्यांना इंधन लागतं असंही नाही: विजेवरचं अंटारेस २० ई बॅटऱ्या पंखांतच घेऊन उडतं. त्याची मोटर ४२ किलोवॅटची. २००६ साली त्याला युरोपचं प्रमाणपत्र मिळालं.

प्रश्न: 'स्वप्रक्षेपित' कसं वाटतं? आणि ग्लायडर तो की ते?

उत्तर: 'प्रक्षेपण'मध्ये फेकणं आहे. अग्निबाणाला, क्षेपणास्त्राला ते शोभतं. इथे धावपट्टीवर धावून सावकाश उठणं आहे, तेव्हा 'उड्डाण'च हवं. लिंग दोन्ही ऐकू येतं, मी 'ते विमान'च्या ओघात 'ते ग्लायडर' लिहितो. अंकभर एकच ठेवा म्हणजे झालं.

प्रश्न: सातवीच्या मुलांना 'स्वउड्डाणक्षम' जड नाही का जाणार?

उत्तर: पहिल्यांदा येईल तिथे उलगडून द्या: 'विंच किंवा दुसऱ्या विमानाच्या मदतीशिवाय, आपल्याच इंजिनावर उड्डाण घेऊ शकणारं ग्लायडर, म्हणजे स्वउड्डाणक्षम ग्लायडर.' पुढे 'सेल्फ-लाँचर' लिहिलंत तरी मुलं अडणार नाहीत. 'रिट्रॅक्ट'ला, म्हणजे आत घेण्याला, 'आकुंचन' मात्र नको. 'पंखा थांबवला, आरशात बघितलं, खांब आत घेतला' असं सरळ लिहा.