मदत हवी आहे: लाकडावरच्या कानाच्या आकाराच्या अळंबीला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार मंडळी,

खाद्य अळंब्यांवर मराठीत टिपणे लिहिते आहे आणि ऑरिक्युलारियाच्या नावापाशी अडकले आहे. मेलेल्या फांद्यांवर, ओंडक्यांवर उगवणारी, तपकिरी, कानाच्या पाळीसारखी मऊ अळंबी. वाळली की कडक होते, भिजवली की पुन्हा फुगते.

इंग्रजीत तिला फार काळ 'ज्यूज इअर' म्हणत. हे नाव मराठीत आणायला मन धजत नाही. मूळ लॅटिन नाव 'ऑरिक्युला जूडे', म्हणजे यहूदाचा कान. येशूचा घात करणाऱ्या यहूदाने एल्डरच्या झाडाला गळफास घेतला अशी दंतकथा, आणि ही अळंबी युरोपात बहुतेक एल्डरवरच दिसते. इंग्रजीत त्या एका माणसाच्या नावाचे 'ज्यू' झाले आणि अख्ख्या समाजाला ते चिकटले. आपण ते ओझे कशाला उचलायचे?

'भूछत्र' तर अजिबातच जमत नाही, कारण ही ना भुईवर उगवते, ना छत्रीसारखी दिसते. 'कानअळंबी' कसे वाटते? कुणाच्या बोलीत आधीपासून शब्द असेल तर तोच हवा आहे, कृपया सांगा.

दुसरी अडचण उपयोगांची. जुन्या युरोपीय ग्रंथांत ही घशाचे औषध, तर चीनमध्ये रोजच्या जेवणातली. दोन्ही एकाच मथळ्याखाली लिहू का?

प्रतिसाद

ताई, एकत्र मुळीच लिहू नका. चीनमध्ये लागवड होणाऱ्या काळ्या जातीला बरीच वर्षे युरोपीय जातीचेच शास्त्रीय नाव लावत असत. २०१४ मध्ये ती ऑरिक्युलारिया हेमुअर म्हणून वेगळी झाली. म्हणजे घशासाठी दुधात उकळायची किंवा बिअरमध्ये भिजवायची ती एल्डरवरची जात, आणि रश्श्यात किंवा कोशिंबिरीसारख्या थंड पदार्थात पडते ती दुसरी. तिला स्वतःची चव जवळजवळ नाही. खाणारे ती दाताखाली कुरकुरते म्हणून खातात.

नावाबद्दल तुमच्याशी सहमत. चिनी 'मु-अर' म्हणजे लाकडाचा कान. जपानी लोक हीच अक्षरे लिहून 'किकुरागे' वाचतात, म्हणजे झाडावरचा जेलीफिश! 'कानअळंबी' याच वळणाचे आहे, कुणाला न दुखावणारे. मला आवडले.

औषधी गुणांवर लिहाल तेव्हा हात आखडता ठेवा. १९८० मध्ये डेल हॅमरश्मिट या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदवले की ही अळंबी खाल्ल्यावर रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, एकमेकींना कमी चिकटतात. यावरून तिला हृदयाचे औषध ठरवू नये. उलट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी भरपूर खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आणि भिजवण्याबद्दल ठळक अक्षरांत लिहा. उबदार जागी दिवस-दोन दिवस भिजत राहिली तर तिच्यात बुर्खोल्डेरिया ग्लॅडिओली हा जिवाणू वाढून बोंगक्रेकिक आम्ल तयार होऊ शकते. ते शिजवूनही नष्ट होत नाही आणि त्याने माणसे दगावली आहेत. लागेल तेवढीच, थोडा वेळ भिजवावी आणि लगेच शिजवावी.

धागाकर्ती

मनापासून आभार. दोन जातींची दोन टिपणे करते आणि भिजवण्याची सूचना सगळ्यात वर घालते. तूर्त 'कानअळंबी' लिहिते. बोलीतला शब्द कुणाकडून आला तर तो पुढे आणि हा कंसात.