सुट्टीसाठी दुसरं घर घ्यावं का? सल्ला हवा

निवांत_हवंय:
आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलं शाळेत आहेत. राहत्या घराचं कर्ज फिटत आलंय. शनिवार-रविवार जाऊन राहता येईल असं छोटं घर घ्यायचं बरेच दिवस मनात घोळतंय. चार तासांवरची एक जागा फार आवडली आहे. भाव वाढेल म्हणून नाही, आपली पुस्तकं, आपली उशी असलेली एक शांत जागा असावी म्हणून. टाइमशेअरवालेही (वर्षातले ठरावीक दिवस राहण्याचा हक्क विकणारे) मागे लागलेत. ज्यांनी असं घर घेतलंय त्यांनी सांगा, खरंच जाणं होतं का?

ओसरी:
होतं, पण अंतर कमी असेल तरच. आमचं घर दीड तासावर आहे, त्यामुळे शुक्रवारी कामावरून आल्यावरही निघता येतं. चार तास म्हणजे दोन दिवसांच्या सुट्टीतले आठ तास रस्त्यावर. रोमन वकील धाकटा प्लिनी याचं आपल्या लॉरेंटमच्या घराबद्दलचं पत्र प्रसिद्ध आहे. घर रोमपासून १७ मैलांवर आहे, दिवसाची कामं उरकून मुक्कामाला पोचता येतं, हे तो दालनांचं वर्णन करण्याआधीच सांगतो. घराची उठाठेव करायला मात्र त्याच्याकडे गुलाम होते. आपल्याला ती स्वतः करावी लागते, नाहीतर पगारी माणूस ठेवावा लागतो.

आणि बंद घर फार काम काढतं. काही आठवडे कुणी फिरकलं नाही की बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे थोडं पाणी साठून राहणाऱ्या खोलगट भागातलं, पाणी आटतं. गटाराचा वास तेच पाणी अडवत असतं. दार उघडलं की आधी तो वास, मग झुरळं. निघताना ट्रॅपमध्ये पाणी भरून वर चमचाभर खाद्यतेल सोडायचं, म्हणजे पाणी लवकर आटत नाही. कपाटं उघडी ठेवायची, गाद्या भिंतीपासून लांब उभ्या करायच्या, पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा. मला ही कामं मनापासून आवडतात, म्हणून ते घर मला सुख देतं. तुम्हाला आवडतील का, हे आधी ठरवा.

हिशेबी:
टाइमशेअरमध्ये बहुतेक वेळा घर नाही, राहण्याचा हक्क मिळतो. वार्षिक देखभाल शुल्क गेलात न गेलात तरी भरायचं, आणि ते वाढत जातं. विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळणं अवघड. करारातलं बाहेर पडण्याचं कलम आधी वाचा. स्वतःचं घर घेतलंत तर विम्याचीही कलमं बघा, ठरावीक दिवसांहून जास्त बंद राहिलेल्या घरातली चोरी बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत.

निवांत_हवंय:
ह्यांचं म्हणणं, घर असलं की आपोआप जाणं होईल.

पायवाट:
आपोआप होत नाही हो. फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्यानं दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि सामान्य कामगाराला सुट्टीला जाता आलं. त्याला घर नाही, रजा मिळाली होती. तुमच्याकडे आज कशाची चणचण आहे? दोघांच्या रजा आणि मुलांच्या सुट्ट्या एका कागदावर मांडून बघा.

अजून एक. स्वित्झर्लंडनं २०१२च्या जनमतानंतर प्रत्येक गावात दुसऱ्या घरांवर २० टक्क्यांची मर्यादा घातली. ज्या गावात घर घेणार तिथल्या तरुणांना राहायला जागा मिळते का, हे विचारून घ्या. शेजार नसलेल्या गावात मला तरी करमणार नाही.

ओसरी:
सहमत. आधी त्याच भागात वर्षभर अधूनमधून भाड्यानं राहा, आणि एक खेप मुद्दाम सर्वांत वाईट हवामानात करा. ओल, वीज, रस्ता, सगळं तेव्हाच कळतं.