विषय: विनमेल.डॅट उघडत नाही

सचिवताई,
इतिवृत्त मिळालं म्हणावं तर मिळालं, नाही म्हणावं तर नाही. मेलला पीडीएफच्या जागी ‘विनमेल.डॅट’ नावाची फाइल आहे. नाव बदलून शेवटी ‘.पीडीएफ’ लावलं, तरी उघडेना. परत पाठवाल का?

---

काका,
मी पीडीएफच जोडली होती. ‘सेंट’मध्ये आत्ता पाहिली, सातही पानं जागेवर आहेत. खजिनदारांनाही दिसली. तरी पुन्हा पाठवतेय.

---

ताई, पुन्हा तेच.

---

काका, ताई, मध्येच तोंड घालतो. तुम्हा दोघांचंही खरं आहे.

मेलसोबत जोडण्या (अटॅचमेंट) पाठवायची ‘माइम’ नावाची पद्धत १९९२पासून आहे. तीत प्रत्येक फाइल सुटी बांधलेली असते आणि वर नाव-प्रकाराची चिठ्ठी असते. पण आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममध्ये मेल त्याच्या स्वतःच्या ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात लिहिला, की अक्षरांची सजावट आणि जोडण्या टीएनईएफ नावाच्या एकाच गाठोड्यात जाऊ शकतात. ते गाठोडं म्हणजे विनमेल.डॅट. समोरही आउटलुक असेल तर ते मुकाट्याने सुटतं, म्हणून खजिनदारांना काही कळलंच नाही. इतर बऱ्याच प्रोग्रॅमना ते सोडवता येत नाही. पीडीएफ आत शाबूत आहे, पण गाठोड्याचं नाव बदलून ती बाहेर कशी येणार? आणि ताई, तसंच दहादा पाठवलंत तरी दहा गाठोडीच जातील.

फाइल, ऑप्शन्स, मेल असं जा. खाली इंटरनेटवरच्या लोकांना रिच टेक्स्ट कसं पाठवायचं ते विचारलंय, तिथे एचटीएमएल, म्हणजे वेबपानांचा सर्वत्र चालणारा प्रकार, निवडा.

जाता जाता: फाइलचं नाव मराठीत असेल तर जुने प्रोग्रॅम त्याजागी ‘यूटीएफ-८’, प्रश्नचिन्हं आणि अक्षरांची खिचडी दाखवतात. त्याचा याच्याशी संबंध नाही, फाइल धडधाकट असते. नाव बदललं की झालं. गेल्या वेळी कुणीतरी व्हायरस समजून ती पुसून टाकली होती.

---

दादा, तिथे आधीपासून एचटीएमएलच होतं! मग काकांची कॉन्टॅक्टमधली नोंद उघडली. त्यांच्या मेल-पत्त्यावर डबल क्लिक केल्यावर ‘आउटलुक रिच टेक्स्टनेच पाठवा’ असं निवडलेलं दिसलं. कधी, कुणी केलं देव जाणे. नोंद पुसून पत्ता नव्याने टाइप केला. काका, आता बघा.

---

उघडली. सात पानं.