दर रविवारी माशांची टाकी धुऊनही पाणी दुधाळ का होतं?

गप्पीघर, मुलुंड
टाकी २ × १ × १ फूट, पाणी साधारण ५० लिटर. १२ गप्पी, ४ मॉली, स्पंज फिल्टर. दर रविवारी सगळं पाणी काढून खडी आणि स्पंज नळाखाली चोळून धुतो. मंगळवारी पाणी पांढुरकं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. अमोनिया १ पीपीएम, नायट्राइट ०, पीएच ७.४. पाणी पालिकेचं, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून. फिल्टर मोठा घ्यावा का?

तळ्याकाठी
फिल्टर राहू द्या, रविवारची धुलाई थांबवा. माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर आणि खडीवरच राहतात. नळाचा क्लोरीन त्यांना मारतो, म्हणून तुमची टाकी दर सोमवारी कोरी असते. दुधाळपणा दुसऱ्याच, पाण्यात मोकळ्या वाढलेल्या जिवाणूंचा. ते प्राणवायू खातात, म्हणून मासे वर येतात. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा.

आजपासून रोज १० ते १२ लिटर पाणी बदला, अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) आधी बादलीत घालून. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. हवेचे बुडबुडे मंदावले तरच स्पंज काढा आणि टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. जिवाणूंचा जम बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मध्ये नायट्राइट चढेल, तेव्हा ५० लिटरला ५ ग्रॅम खडेमीठ विरघळवून घाला. मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून फारसं आत शिरत नाही.

वैतरणा
एक भर. मुंबईला येणारं भातसा-वैतरणा धरणांचं पाणी मृदू, त्यात पीएच सावरून धरणारं कार्बोनेट कमी. जिवाणू काम करताना तेच खर्च करतात. महिनोन्‌महिने पाणी बदललं नाही तर पीएच ६ च्या खाली घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया निरुपद्रवी अमोनियम होऊन साठत जातो. मग कोणी एकदम अर्धी टाकी ताज्या पाण्याने भरली की पीएच चढतो, अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतं आणि तासाभरात मासे आडवे. अशा टाकीत रोज ५ लिटरच बदला. गप्पी-मॉलींना कठीण पाणीच मानवतं, तेव्हा उकळून घेतलेल्या शिंपल्यांचा मूठभर चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा.

गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली की दोन दिवस पाणी बदलू नका. टँकरचं पाणी आलं तर केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) आधी मोजा.

गप्पीघर, मुलुंड
शेजाऱ्यांच्या जुन्या टाकीतला स्पंज आणला तर?

तळ्याकाठी
उत्तम, आठवडे वाचतील. त्यांच्या माशांवर पांढरे ठिपके नाहीत ना, तेवढं बघा. स्पंज त्यांच्याच पाण्यात बुडवून आणा आणि लगेच तुमच्या टाकीत चालू करा. वाटेत सुकला तर उपयोग नाही.