शब्दचर्चा : घशाचे स्नायू, ‘ग्राही’ आणि ‘स्नायुतर्कू’

प्रश्न : उंदरासारख्या लहान सस्तन प्राण्यांच्या घशातील स्नायूंविषयीच्या मजकुरात ‘रिसेप्टर’ आणि ‘मसल स्पिंडल’ या दोन्हींसाठी ‘ग्राही’ हा एकच शब्द योजला आहे. तो योग्य ठरतो का?

उत्तर : माझ्या मते ठरत नाही. पेशीपटलावर संप्रेरकाला बांधून घेणारा प्रथिनाचा रेणू हाही ग्राही आणि स्नायूची स्थिती टिपणारी सूक्ष्म रचना हीही ग्राहीच; म्हणून दुसऱ्या अर्थी निदान ‘संवेदनग्राही’ लिहावे, आणि रचना नेमकी ठाऊक असेल तेव्हा तिचेच नाव द्यावे. मसल स्पिंडलसाठी ‘स्नायुतर्कू’ हा शब्द उत्तम आहे. तर्कू म्हणजे सूत कातण्याची चाती, आणि आवरणात गुंडाळलेल्या बारीक स्नायुतंतूंची ही जुडी तशीच मध्ये फुगीर व टोकांना निमुळती असते. ती सामान्य तंतूंना समांतर असल्यामुळे स्नायू किती व किती वेगाने लांबला हे मज्जासंस्थेला कळवते. तर्कू संवेदी आहे हे इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १८९४ मध्ये सिद्ध केले.

‘घसा’ या शब्दाबाबत अधिक सावध राहायला हवे, कारण बोलीत त्यात ग्रसनी (तोंडामागची अन्न व हवा यांची सामाईक पोकळी) आणि स्वरयंत्र दोन्ही येतात. उंदरासारख्या प्राण्यांत स्वरयंत्राच्या अंतःस्थ (म्हणजे पूर्णपणे स्वरयंत्रातच असलेल्या) स्नायूंमध्ये तर्कू फारच विरळ असतात किंवा नसतातच; तेथील बरीचशी संवेदना श्लेष्मल त्वचेतील (आतल्या ओलसर अस्तरातील) संवेदनग्राहींकडून, व्हेगस या मेंदूतून निघणाऱ्या चेतेच्या (नसेच्या) शाखेवाटे, मेंदूकडे जाते. जबडा मिटणाऱ्या स्नायूंत मात्र तर्कू भरपूर असतात आणि तो उघडणाऱ्या स्नायूंत नगण्य. त्यामुळे ‘घशाच्या स्नायूंतील तर्कू’ असे सरसकट लिहिले, तर ते अनेक स्नायूंच्या बाबतीत वस्तुस्थितीला सोडून होईल; स्नायूचे नाव घेणे अपरिहार्य आहे.

पुरवणी : वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र ‘ताण’ या शब्दाचाही विचार व्हावा. मराठीत स्नायू लांबवणे यालाही ताण म्हणतात आणि त्यात निर्माण होणाऱ्या ओढीलाही. इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जी यांच्या नावाने ओळखला जाणारा कंडराग्राही हा स्नायू व कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) यांच्या जोडावर असतो आणि ओढ टिपतो, तर तर्कू लांबी टिपतो. दोघांनाही ‘ताणग्राही’ म्हटले, तर हा महत्त्वाचा भेदच पुसला जातो. तर्कूसंबंधी ‘लांबी’ आणि कंडराग्राहीसंबंधी ‘बल’ हे शब्द कटाक्षाने वापरावेत.