ग्रिलचे कोळसे पेटवायची सोपी पद्धत सांगा (पेट्रोल, रॉकेल नको)

माडाखालचो
नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ घर आहे, मागे थोडी मोकळी जागा, तिथे गवंड्याकडून चिऱ्यांचा ग्रिल बांधून घेतला, वर लोखंडी जाळी. झाला झकास, पण कोळसे काही पेटत नाहीत. बांगड्यात रेशाद मसाला भरून तयार, पाहुणे येऊन बसलेले, आणि मी आपला सूप घेऊन वारा घालतोय. मग मेहुणे उठतात, बाइकमधनं बाटलीत पेट्रोल काढतात आणि "सर बाजूक" म्हणून ओततात. भडका उडतो, बायको ओरडते, पाच मिनिटांत परत सगळं काळं, वर माशाला पेट्रोलचा वास. वयाने मोठे आहेत, तोंडावर नको म्हणता येत नाही, त्यामुळे ते उठायच्या आधीच कोळसे लाल झालेले असतील अशी काहीतरी पद्धत सांगा. कोळसा साधा लाकडाचा, बाजारातनं गोणी आणतो. ते चिमनी स्टार्टर म्हणतात ते घ्यावं का?

कुळागरवाली
अहो दादा, घरात माड असताना स्टार्टर कशाला विकत घेताय. सुकलेल्या करवंट्या घ्या, पाच-सहा पुरेत. खाली सोडणाचे (नारळाच्या सालीचे) धागे पिंजून त्याचा सैल गोळा ठेवायचा, त्यावर करवंट्या एकमेकींना तिरक्या टेकवून उभ्या करायच्या, मधे हवा खेळली पाहिजे, पालथ्या घालून झाकलंत तर गुदमरतात. धाग्याला काडी लावा. आधी चांगला काळा धूर येतो, तेव्हा लगेच कोळसे टाकायची घाई नको. धूर कमी होऊन ज्योत स्वच्छ झाली की बोटाएवढे बारीक कोळसे कडेकडेने रचा, मोठे नंतर. चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) वापरू नका, भसकन पेटतात नि ठिणग्या पार शेजाऱ्याच्या पागोळीपर्यंत जातात.

दिवचल_बॉय
पेट्रोलबद्दल आधी बोलूया कारण बाकी सगळं त्यानंतर. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याकडच्या उन्हात काय आणि डिसेंबरच्या पहाटे काय, त्याची वाफ कायम पेटायला तयार. ओतल्यापासून काडी लावेपर्यंत ती वाफ जमिनीलगत पसरत तुमच्या पायाशी येऊन थांबलेली असते, मग जळतं ते कोळशाच्या आधी लुंगीचं टोक. रॉकेलचा ३८ अंशांच्या वर, त्यामुळे लोकांना वाटतं ते सुरक्षित. थंड कोळशावर पेट्रोलच्या मानाने बरं म्हणा. पण कोळसे अर्धवट तापलेले असताना ओतलं की आधी पांढरा धूर येतो, तो धूर नव्हे, रॉकेलची वाफ, आणि ती पेटली की ज्योत धारेवरून उलटी बाटलीपर्यंत येते. विझल्यासारखा दिसणारा कोळसा आतून गरम असतो हेच माणूस विसरतो. कोविडपासून घराघरात पडलेलं सॅनिटायझर पण नको, त्याची ज्योत दिवसाउजेडी धड दिसत नाही, पेटलं नाही वाटून माणूस आणखी ओततो.
आणि कोणी फेणी सुचवायच्या आधीच सांगतो, हुर्राक (काजूची हलकी दारू) ओतून पेटत नाही नि फेणी ओतायला मन होत नाही.

बांगडाप्रेमी
चिमनी घ्या, डोळे मिटून घ्या. म्हणजे काय तर पत्र्याचा उभा नळकांडा, खालून थोडं वर आत एक जाळी, बाजूला दांडा. जाळीखाली वर्तमानपत्राची दोन पानं सैलसर चुरगाळून, वर कोळसे, खालनं काडी. गरम हवा वर जाते, तिच्या जागी खालून नवीन हवा खेचली जाते, फुंकायचं काम तोच करतो. १५-२० मिनिटांत वरच्या कोळशाच्या कडा राखाडी दिसायला लागल्या की ग्रिलमध्ये ओतायचं, स्वतःपासून लांब, हातात जाड चामड्याचे ग्लोव्ह्ज. पेटत असताना तो गवतावर नाहीतर प्लास्टिकच्या टेबलावर ठेवू नका, चिऱ्यावर किंवा ग्रिलच्या आतच ठेवा.
घरी करायचा तर तेलाचा चौकोनी डबा चालतो. वरचं झाकण कापा, बुडाजवळ चारी बाजूंनी भोकं पाडा, भोकांच्या वर आरपार दोन-तीन सळया घाला की झाली जाळी. फक्त पहिल्यांदा नुसताच कागद घालून उघड्यावर खणखणीत तापवा म्हणजे बाहेरचा रंग जळून जाईल, त्या दिवशी त्यावर काही भाजू नका. जस्ताची बादली मात्र अजिबात नको, तापली की जस्ताचा धूर सुटतो, तो छातीत जाऊन ताप भरतो.

माडाखालचो
सगळ्यांना थँक्स. मेहुण्यांना हा धागाच पाठवतो, दिवचल भाऊ तुमचं लुंगीचं वाक्य वाचून तरी ऐकतील. अजून दोन शंका. आमच्याकडे एकजण म्हणतो कापूर टाक, दुसरा म्हणतो काजूच्या साली टाक मस्त पेटतात, फुकट मिळतात. आणि माझी गोणी जूनपासून पडवीत उघडीच आहे, ती वाया गेली का?

कुळागरवाली
काजूच्या साली म्हणणाऱ्याला आधी त्या धुरात उभं करा!! काजूची बी सोलताना कातडी जाते ती कशाने, त्या सालीतल्या डिकाने. तोच तेलकट डीक जळून धूर होतो, डोळे नि घसा दोन्ही सोलवटतात, आणि तो धूर माशाला लागणार. पेटतात मस्त यात वाद नाही, पण जेवणाच्या विस्तवात नको. प्लायवूडचे तुकडे, रंगवलेली फळी तेही नकोच.
कापराच्या दोन वड्या कोळशाच्या खाली ठेवून पेटवायला हरकत नाही, पण तो पूर्ण जळून वास जाईपर्यंत जाळीवर मासा ठेवू नका नाहीतर बांगड्याला आरतीचा वास. त्यापेक्षा मासे तळून उरलेलं तेल असतं ना, त्यात जुन्या सुती कापडाची वात भिजवून खाली घाला, बराच वेळ जळत राहते.
कोळसा वाया नाही जात, हवेतला ओलावा धरतो एवढंच. दोन कडक उन्हं दाखवा नि मग झाकणाच्या पिंपात ठेवा.

सासष्टीकर
पावसाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. सर आली की लोक पेटता ग्रिल उचलून गॅरेजमध्ये नाहीतर बंद पडवीत नेतात. भाऊ तुमचा बांधलेला आहे म्हणून सुटलात, पण घमेल्यात कोळसे घेऊन आत जाणारे कमी नाहीत. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, रंग नाही वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं होतं, माणसाला वाटतं जास्त झाली असेल. लाल निखारा धूर देत नाही म्हणून घरात चालेल असं कोणाला वाटत असेल तर ते काढून टाका. खिडकी उघडली तरी भागत नाही.
आणि राख. रात्री विझली असं समजून काजूच्या झाडाखाली पाल्यावर टाकायची नाही, राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर किती दिवस आगी चालल्या होत्या आठवत असेल, त्या मोसमात गवताला एक ठिणगी पुरते. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, नंतर पाणी घालून ढवळा. शेजारी वाळूची बादली हवीच, बांगड्याचं तेल गळून भडका झाला तर त्यावर पाणी मारू नका, मासे बाजूला घ्या.

बांगडाप्रेमी
एक विचारायचं राहिलं, ग्रिलला खालून हवा यायला जागा आहे का? कोळसे कशावर ठेवता?

माडाखालचो
खाली सिमेंटचा कोबा, तीन बाजूंनी चिरे, पुढून पण अर्ध्यापर्यंत चिरेच. कोळसे थेट कोब्यावर. मेन म्हणजे गवंडी चुलीसारखं बांधतो म्हणाला होता.

बांगडाप्रेमी
मग तुमच्या कोळशात काही खोट नाही हो, तुम्ही त्यांना टाकीत बसवलंय! चुलीला पुढे तोंड असतं, यांनी तेच बंद केलं. चिमनीत पेटवून ओतलेत तरी तिथे पडल्या पडल्या मंदावतील. पुढच्या बाजूचा तळाचा एक चिरा काढून टाका, आणि कोळशासाठी कोब्यापासून चार बोटं वर सळयांची दुसरी जाळी टाका, म्हणजे राख खाली पडेल नि हवा मधून जाईल. कोबा पण वाचेल, ओल मुरलेल्या सिमेंटवर थेट विस्तव आला की त्याचे टवके उडतात, कधी कधी फटाक्यासारखे.
तोंड समुद्राच्या बाजूला असेल तर उत्तम, दुपारनंतरचा वारा तिकडूनच येतो, सूप घरात ठेवून द्या. वारा जास्त झाला तर तोच चिरा अर्धा पुढे सरकवायचा, झाला डॅम्पर.

माडाखालचो
तळाचा चिरा काढला तर वरचे बसणार नाहीत ना?

दिवचल_बॉय
एकच काढलात तर बहुतेक नाही, पण उगाच रिस्क नको, वर लोखंडी पट्टी सरकवून मगच काढा. गवंड्यालाच बोलवा, आणि या वेळी समोर उभे राहा.