पन्नाशीनंतर कान नव्या गाण्याला तयार होतो का? (सल्ला हवाय)

मडगावकर_५२:
लहानपणी घरात नाट्यगीतं, चवथीला आरती नि घुमट (आमचं मातीचं तालवाद्य). कॉलेजात किशोरकुमार, लग्नांत लॉर्नाची कोंकणी गाणी. तेव्हापासून गाडीत तेच फिरतंय. मुलगा रॅप लावतो, माझं डोकं उठतं. शास्त्रीय ऐकायची फार इच्छा आहे, पण विलंबित (संथ लय) सुरू झालं की पेंग येते. सुरुवात कुठून करू?

फोंडेकरीण:
दादा, दहा ते तिशीच्या दरम्यान ऐकलेली गाणी बहुतेकांच्या डोक्यात सर्वांत पक्की बसतात. स्मृतीवर काम करणाऱ्या संशोधकांनाही हे वारंवार दिसलंय. नवं शिरत नाही असं नाही, ओळखीतून आलं की लवकर रुळतं. 'नाथ हा माझा' हे नाट्यगीत यमन रागातलं आहे. ते मनसोक्त गुणगुणा आणि लगेच भीमसेन जोशींचा यमन लावा, तोही द्रुतापासून, म्हणजे जलद लयीपासून. नि-रे-ग ची वाट ओळखीची निघाली की पेंग उडेल. विलंबित नंतर.

साळावलीकाठचा:
थेट केसरबाई केरकर! आपल्या केरीच्या. जुन्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपतो, पेंगायला वेळ कुठे? १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत त्यांची भैरवी अंतराळात गेली, तिथूनच सुरू करा. मग आमच्या कुर्डीच्या मोगूबाई. (गाव धरणात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं.)

घुमट_शामेळ:
केसरबाई थोर, वादच नाही. पण नवख्याला पहिल्याच दिवशी त्यांचं जयपूर घराणं? जोडराग (दोन राग एकत्र), अनवट म्हणजे क्वचित गायले जाणारे राग, त्यात तानेचं टोक सापडेपर्यंत सम (तालाची पहिली मात्रा) येऊन गेलेली असते! त्यापेक्षा मंगेशीचे जितेंद्र अभिषेकीबुवा ऐका. शास्त्रीय ख्यालही त्यांचा आणि 'कट्यार काळजात घुसली' नाटकाचं संगीतही त्यांचंच, म्हणजे तुमचे दोन्ही काठ एकाच गळ्यात. शिवाय पणजीच्या कला अकादमीत केसरबाई समारोहाला जाऊन पुढच्या रांगेत बसा. मोबाईलवर तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नाही. समोर दोन तानपुरे लागले की सा कुठे आहे ते कानाला आपोआप कळतं.
आणि बाब, मुलाच्या रॅपमध्ये शब्द सोडा, ठेका पकडा. घुमटाच्या आरतीवर वाढलेल्या माणसाला तो जड जाऊ नये.

मडगावकर_५२:
फोंडेकरीणताई, द्रुत यमन जमला! बायको विचारते, नाटक बसवताय काय? अभिषेकीबुवांचा पहिला राग कुठला घेऊ, तेवढं सांगा कोणीतरी. रॅपचं बघू.